जोडीदारासाठी कॉमिक्स घेताना

आधी त्यांचं कपाट नीट पाहा. एखाद्या मालिकेचे 1 ते 4 खंड असतील, तर पाचवा घ्यायचा. पण आकार, बांधणी आणि आवृत्ती तीच हवी. पेपरबॅकच्या रांगेत मध्येच हार्डकव्हर आलं की डोळ्यांना खुपतं, शिवाय दोन आवृत्त्यांत खंडांची विभागणी वेगळी असेल तर आधी सुटे निघालेले काही अंक दोनदा येतात किंवा गळतात. म्हणून आत कोणते अंक आहेत ते वाचाच.

सुपरहिरोंच्या बाबतीत ‘खंड 1’ या शब्दांवर विसंबू नका. लेखक बदलला की प्रकाशक बऱ्याचदा क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात, त्यामुळे एकाच नायकाचे अनेक ‘खंड 1’ बाजारात असतात. लेखकाचं नाव जुळवून पाहणं जास्त भरवशाचं.

जोडीदार कॉमिक्समध्ये नवखा असेल तर एकाच पुस्तकात संपणारी गोष्ट द्या. ‘वॉचमेन’ या सुपरहिरो कॉमिक्सचे 1986-87 मधले बाराही अंक एका पुस्तकात मिळतात, पण त्यात हिंसा बरीच आहे, आवड ओळखूनच घ्या. सुटा अंक साधारण 20-30 पानांचा, अर्ध्या तासात संपतो. भेट म्हणून तो मला अपुराच वाटतो. ऑम्निबस, म्हणजे अनेक अंकांचा एकच जाडजूड ग्रंथ, दिसतो देखणा, पण पडून वाचणाऱ्याचे हात भरून येतात.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा शुभेच्छांची चिठ्ठी आपल्याला मागचं वाटेल त्या मुखपृष्ठाआड ठेवा. संग्राहकाच्या प्रतीवर मात्र काहीही लिहू नका, प्लॅस्टिकचं वेष्टनही तसंच राहू द्या.