शहाण्णव एमबी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५. नौपाडा, ठाणे.

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा बुधवारी रात्री वागळे इस्टेटमधील छापखान्याकडे रवाना झाला, गुरुवारी दसऱ्याला नेहमीप्रमाणे संगणकाला हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहिले, आणि आज सकाळी वर्षभर पुढे ढकललेले काम एकदाचे हाती घेतले. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबरला थांबणार आहेत. नोंदणी केल्यास ती आणखी वर्षभर मिळू शकतात, परंतु ते वर्षही पुढच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पुन्हा दिवाळी अंकांच्या घाईतच संपणार असल्याने मी विंडोज ११ घेण्याचे ठरवले.

यंत्र त्यासाठी पात्र आहे. २०१९ मध्ये सुटे भाग जोडून घेतलेल्या या संगणकात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय बोर्डावर होती, मात्र ती बंद ठेवलेली होती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मांडणीच्या पडद्यावर जाऊन ती सुरू केली. तेथे बूटच्या यादीत, म्हणजे संगणक कोणत्या प्रणालीने सुरू करायचा त्या यादीत, विंडोजच्या खाली एका लिनक्सचे, म्हणजे दुसऱ्या प्रणालीचे नाव दिसले. २०२० च्या टाळेबंदीत माझा भाचा आमच्याकडे अडकला होता तेव्हा त्याने ती प्रणाली या संगणकावर घातली होती आणि पुण्याला परत जाताना काढूनही टाकली होती. नाव तेवढे उरले असेल, असे समजून मी पुढे गेले.

डाउनलोडला पाऊण तास लागला. इन्स्टॉलचा आकडा हळूहळू साठीच्या पुढे सरकला, थांबला, आणि पडद्यावर अपयशाची सूचना व एक क्रमांक उमटला: ०एक्स८००एफ०९२२. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच क्रमांक.

रविवार, ५ ऑक्टोबर.

या क्रमांकाचा अर्थ शोधला. संगणक अपडेटच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकला नसावा, व्हीपीएन (दुसऱ्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी करून देणारी सोय) सुरू असल्यास ते बंद करून पाहावे, असे स्पष्टीकरण सापडले. माझ्याकडे व्हीपीएन आहे. एका प्रकाशकाच्या सर्व्हरवरील मजकूर उतरवून घेण्यासाठी ते लागते. ते बंद केले, राउटर बंद करून सुरू केला, आणि तिसरा प्रयत्नही फसला.

त्यानंतर असे प्रसंग आलेल्या सगळ्यांना सांगितले जातात ते उपाय क्रमाने केले. विंडोजचे एसएफसी हे साधन चालवून प्रणालीच्या फाइली तपासल्या. एकही बिघडलेली फाइल आढळली नाही. डीआयएसएम या दुसऱ्या साधनानेही तोच निर्वाळा दिला. अपडेटच्या सेवा थांबवून, डाउनलोड झालेला माल ज्यात साठतो त्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचे नाव बदलले, म्हणजे जुना साठा बाजूला राहून सगळे नव्याने उतरेल. सगळे नव्याने उतरले खरे, कित्येक जीबी, आणि शेवट तोच झाला. यात दुपार गेली. आमटी गॅसवर आटून गेली, तीही याच खात्यावर मांडते.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

गोखले रोडच्या बाजूला एक जण संगणक दुरुस्तीचे काम करतो, त्याला विचारून आले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून टाकू. दोन तासांत नवाकोरा करून देतो." त्याच्या जागी मीही कदाचित तेच सुचवले असते; बारा ठिकाणी शोधण्यापेक्षा पाटी कोरी करणे स्वस्त पडते. परंतु या यंत्रावर माझी पंचवीस वर्षांची अक्षरजुळणी आहे, आणि युनिकोडपूर्व, म्हणजे लिप्यांची सर्वमान्य संगणकीय संकेतावली येण्यापूर्वीच्या काळातील काही टंक (फॉन्ट) असे आहेत की त्यांच्या परवान्याच्या चाव्या देणारे लोक आता धंद्यातच नाहीत. ते टंक एकदा गेले की जुन्या पुस्तकांची पाने उघडतील, पण त्यांत अक्षरांऐवजी कंस, टक्केचिन्हे आणि डॉलर दिसतील. मी नको म्हटले.

घरी येऊन त्या क्रमांकाचे स्पष्टीकरण पुन्हा उघडले, आणि या वेळी ते शेवटपर्यंत वाचले. सर्व्हरशी संपर्क न होणे हे एक कारण. "किंवा" या शब्दानंतर दुसरे होते: सिस्टम रिझर्व्हड पार्टिशनमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर वेगळ्या राखलेल्या छोट्या तुकड्यात, पुरेशी मोकळी जागा नसणे. रविवारी मी "किंवा"च्या अलीकडेच थांबले होते. दुसऱ्यांच्या मजकुरातील सुटलेला अनुस्वार शोधण्याचे पैसे घेणाऱ्या बाईने अर्धे वाक्य वाचून तीन दिवस घालवावेत, याबद्दल स्वतःला काय म्हणावे ते येथे लिहीत नाही.

तरीही जागेचे कारण पटेना. सी ड्राइव्हवर १९० जीबी मोकळे होते. डिस्कचे तुकडे दाखवणारे डिस्क मॅनेजमेंट उघडले तर सुरुवातीला एक १०० एमबीचा तुकडा दिसला, ईएफआय सिस्टम पार्टिशन या नावाचा, आणि त्यापुढे लिहिले होते की तो शंभर टक्के मोकळा आहे. मी जवळजवळ खिडकी बंद करणार होते. मग विचार आला की संगणक ज्या तुकड्यावरून सुरू होतो तो पूर्ण रिकामा कसा असेल? त्याला ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसते, त्यामुळे हे साधन त्याच्या आत पाहू शकत नाही आणि न पाहताच त्याला रिकामा ठरवते. बंद दाराच्या फ्लॅटची मोजणी बाहेरूनच करून जाणारे लोक असतात, त्यातला प्रकार.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.

रात्री साडेदहानंतर, रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर, दार उघडले. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट सुरू करून माउंटव्हॉल या आज्ञेने त्या तुकड्याला एस हे अक्षर दिले आणि आतील यादी मागवली. वापरता येणारी जागा ९६ एमबी. त्यातली मोकळी ८. विंडोज ११ ला आपल्या बूटच्या नव्या फाइली तेथे ठेवण्यासाठी साधारण १५ एमबी मोकळे लागतात. म्हणजे सी ड्राइव्हवरचे १९० जीबी असून नसल्यासारखे होते आणि सगळे काम सात एमबींसाठी अडले होते. आमच्या जुन्या चाळीत पाहुण्यांना झोपायला अंगण मोकळे असे, पण गादी काढायला पोटमाळ्यावर हात घालावा तर तेथे कोणाची तरी ट्रंक आडवी असे, त्याची आठवण झाली.

यावर जो उपाय सर्वत्र दिला जातो तो वाचून मी थबकले. या तुकड्यातील फॉन्ट्स नावाचा फोल्डर रिकामा करा, असे त्यात सांगितले आहे. संगणक सुरू होताना, प्रणाली पूर्ण जागी होण्यापूर्वी, पडद्यावर काही मजकूर दाखवायचा झाल्यास लागणारे टंक तेथे असतात. फोल्डर उघडून फाइलींची नावे वाचली: चिनीच्या दोन्ही लिप्यांसाठी, जपानीसाठी, कोरियनसाठी, आणि रोमनसह ग्रीक व सिरिलिकसाठी. सगळे मिळून तेरा एमबीच्या आसपास. देवनागरीचा त्यात एकही नव्हता. माझे संगणकावरचे सगळे आयुष्य देवनागरीत गेले, आणि हे यंत्र रोज सकाळी डोळे उघडताना माझी लिपी जाणत नाही, हे मला सहा वर्षांनी अशा रीतीने कळले. ते टंक माझ्या कधीच कामी आले नसते. खोडले असते तरी अडले नसते. तरीही टंक पुसून जागा करायची, हे माझ्या हातून होईना, आणि म्हणून, केवळ म्हणून, मी बाकीचे फोल्डर पाहू लागले.

मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरने या टंकांसह सुमारे २८ एमबी घेतले होते. उरलेले ६० एमबी भाच्याच्या लिनक्सचे होते. काही लिनक्स प्रणाली आपला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि सुरू होताना लागणारा इनिटरामएफएस हा फाइलींचा गठ्ठा याच तुकड्यात ठेवतात, आणि त्या दोन फाइली चांगल्याच धष्टपुष्ट असतात. त्याने लिनक्सची मोठी पार्टिशन काढून टाकली होती. या फाइली काढायच्या राहिल्या होत्या. त्याला फोन केला.

"मावशी, मी ते सगळं काढलं होतं गं!"

"अरे, बिऱ्हाड काढलंस, ट्रंक माळ्यावर राहिली."

तो हसला, आणि मग गंभीर होऊन त्याने दोनदा बजावले की मायक्रोसॉफ्ट आणि बूट या दोन फोल्डरांना हात लावायचा नाही, नाहीतर संगणक सुरूच होणार नाही. त्याचे ऐकून आधी अख्ख्या तुकड्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, आणि मगच लिनक्सच्या दोन फोल्डरांची नावे एकेक अक्षर वाचून ते खोडले. मोकळी जागा: ६८ एमबी. एस हे अक्षर काढून घेतले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. विंडोज १० निमूटपणे आले. तेवढ्यावरच थांबून झोपले, कारण बाराच्या पुढे मी प्रुफेही वाचत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर.

सकाळी सव्वासातला पाचवा प्रयत्न. साठीचा टप्पा आला तेव्हा मी मुद्दाम उठून कोथिंबीर निवडायला बसले. परत आले तर संगणक स्वतःच बंद होऊन सुरू होत होता. पावणेदहाच्या सुमारास नवा पडदा आला, टास्कबारची चिन्हे मधोमध जमलेली. ती प्रथम डावीकडे नेऊन बसवली, कारण माउस धरलेला माझा हात सवयीने तिकडेच जातो.

त्यानंतर खरी परीक्षा. २००४ साली जुळवलेल्या एका कवितासंग्रहाची फाइल उघडली, त्या संग्रहाची छापील प्रत शेजारी ठेवली आणि जोडाक्षरे ताडून पाहिली: "दुसऱ्या"मधला चंद्रकोरीसारखा र, "कर्तृत्व"मधला रफार, "शृंगार"चा शृ. सर्व जागच्या जागी आहेत. एका टंकातील "ख" मात्र पडद्यावर किंचित जाड दिसतो; छापून पाहिल्याखेरीज त्याबद्दल बोलता येणार नाही.

जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरात दहा दिवस राखून ठेवलेली असते, तोवर मागे फिरता येते. ही मुदत २१ तारखेला, नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संपते. तोपर्यंत प्रिंटर, स्कॅनर आणि तो "ख" तपासून घ्यायचे आहेत. पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत भाच्याच्या नावाची चिठ्ठी लावून खणात ठेवली आहे.