विहिरीतले चार आणे

मोडी वाचतो म्हटलं की लोक विचारतात, "अक्षर लागतं का?" अक्षराचं एवढं काही नसतं. आधी पानभर रेघा मारून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांच्याखाली लिहीत सुटायचं, अशी ही लिपी. शब्दांत अंतर नाही. शब्द कुठे तुटतो ते अख्खी ओळ डोळ्यांपुढे असली तरच कळतं.

भावकीतल्या दोघांचा विहिरीच्या पाण्यावरून वाद. शके १८२९चं, म्हणजे १९०७ सालचं वाटणीपत्र. धाकट्याने एका कचेरीच्या साइटवरची स्कॅनची लिंक पाठवली. तिथे कागद मोठा करायला माउसमागे फिरणारं गोल भिंग दिलंय. त्यात चार अक्षरं टपोरी दिसतात आणि उरलेली ओळ त्याच भिंगाखाली झाकली जाते! हे बनवणाऱ्याने एकही जुना कागद वाचलेला नसणार.

मजकूर लागला. अडलं ते हिश्शावर. जुन्या लिखाणात चार आण्यांना, म्हणजे पाव हिश्शाला, एक उभी रेघ, आठांना दोन, बारांना तीन. फाईल उतरवून घेतली आणि चारशे टक्क्यांपर्यंत मोठी केली. तिथे संगणक पिक्सेलांमधल्या जागा आपल्या मनाने भरतो, रेघांच्या कडा लोण्यासारख्या वितळतात. त्यात फाईल दाबून बारीक केलेली जेपेग, शाईभोवती आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकोनांची भुरकट जाळी. वैतागून टेबलावरचं काचेचं भिंग पडद्याला लावलं, तर नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके.

रेघा मात्र दोन दिसत होत्या. फोनवर बोलून गेलो, "आठ आणे."

मूळ कागद पाहिल्याशिवाय लेखी देत नाही, म्हणून कचेरीत गेलो. मोबाइलचा टॉर्च कागदाला आडवा धरला. पहिली रेघ शाईची, टेकवला तिथे बोरू जाड उमटलेला. दुसरी म्हणजे मळ बसलेली घडी.

घरी येऊन तीच फाईल पुन्हा उघडली. मोठी न करता, अख्खं पान एकदम. घडी वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळ कापत गेलेली.

धाकट्याला फोन केला. "काका, पण मी कालच थोरल्याला आठ आणे सांगून आलो," तो म्हणाला.