पाणी भरून झाल्यावर

गुरुवार, रात्री साडेअकरा

डिस्चार्जचा कागद आज तिसऱ्यांदा वाचला. रिपोर्ट चांगलेच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. ईसीजी नॉर्मल. ट्रोपोनिन, हृदयाला इजा झालीय का ते रक्तात बघतात ते, आल्याआल्या एकदा केलं, तीन तासांनी पुन्हा केलं, दोन्हीत काही नाही. पण वर एक ओळ आहे, 'नो चेस्ट पेन', ती काही डोक्यातून जात नाही. कारण ते मीच सांगितलंय. त्या ड्युटीवरच्या पोराने विचारलं, "काकू, छातीत दुखतंय का?" आणि मी म्हटलं, "दुखत नाही हो, नुसतं जड वाटतंय." त्याने पहिलं अर्धं तेवढं लिहून घेतलं.

पुढचा प्रश्न, "घरी काही टेन्शन?" तो मात्र मी त्याला माफ केलेला नाही.

दुखणं हा शब्द माझा नंदूच्या वेळीच वापरून संपला बहुतेक. एकोणीस तास. त्यानंतर दुसऱ्या कशाला दुखणं म्हणायचं तर लाजच वाटते. मंगळवारी पहाटे पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी पाटा आणून ठेवावा तसं झालं. मग जबडा. डावीकडची शेवटची दाढ ठणकते तसा, पण ती दाढ तर कधीच काढली. मळमळ. पंख्याखाली उभी आणि कपाळावर गार घाम. ह्या सगळ्याला मी 'कसंतरी होतंय' म्हटलं, तेही मनातल्या मनात.

पाच वीस झाले होते. सहाला पाणी जातं.

तर मी पाणी भरलं. दोन्ही पिंपं, बादल्या, ओट्यावरची कळशी. मधे एकदा ओट्याला धरून उभी राहिले, ओवा आणि काळं मीठ चघळलं, पित्त असेल म्हटलं. दूध तापवून ठेवलं. मग गाउन बदलला. इथे मला खरं लिहायचंय, नाहीतर ही वही कशाला. नुसता गाउन नाही बदलला, धड ब्रा शोधली. एकीचा हूक तुटलेला, दुसरीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. तिसरी दोरीवर ओली. कपाटात खाली, लग्नाकार्याच्या ब्लाउजांच्या मागे एक नवी होती, ती सापडेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. ईसीजीला छाती उघडी करतात, सहा रबरी फुगे चिकटवतात, हातापायांना चार चिमटे लावतात, हे ह्यांच्या वेळी पाहिलेलं.

म्हणजे ईसीजी काढावा लागणार हे मला कळलं होतं. हेच कालपासून घोळतंय. पित्तासाठी कुणी नवी ब्रा शोधत नाही. मला कळलं होतं, आणि तरी मी शोधत बसले.

सहा पस्तीसला ह्यांना उठवलं. पहिलं वाक्य, "अहो, उगाच घाबरू नका." १०८ ला फोन करू म्हणाले तर म्हटलं, बिल्डिंगभर गाजावाजा कशाला. तीन जिने उतरले, पायांनी. रिक्षात बसल्यावर आठवलं, कुकर लावायचा राहिला.

ह्यांचं झालं तेव्हा रात्री दोन वाजता अख्खा मजला जागा होता. हात छातीवर, अगदी सिनेमातल्यासारखा. वॉचमनने खुर्ची आणली, शेजारच्या वहिनींनी देव पाण्यात ठेवले. गॅस निघाला. कुणी 'उगाच' म्हणालं नाही, मी स्वतः पेढे वाटले. माझ्या वेळी नॉर्मल म्हटल्यावर माझाच चेहरा पडला, खोटं बोलून रजा घेतल्यासारखा. खरंच सांगते, क्षणभर वाटलं, काहीतरी निघायला हवं होतं.

माईंचं आठवतं. तेव्हाही पित्तच म्हणत होतो सगळे. जाऊ दे.

दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नीट सांगितलं. छातीत दुखतं ते बायकांनाही दुखतंच, सगळ्यांत जास्त तेच. पण जबडा, पाठ, मळमळ, धाप, नुसताच थकवा, हे सोबत जास्त येतं, आणि त्या गर्दीत छातीचं सांगायचं राहून जातं. शुगर असेल तर दुखणं आणखी बोथट होतं. मला शुगर आहे. पाळी गेली की धोका वाढतो. तीही गेली. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून सुटलो असं नसतं, म्हणून तर ते तीन तासांनी पुन्हा रक्त. "आलात ते बरं केलंत," म्हणाल्या, "पण तासाभराहून जास्त काय करत होतात?"

मी म्हटलं, पाणी भरत होते. हसल्या नाहीत. बाई मुंबईतल्याच असाव्यात.

रात्री मोबाइलवर वाचत बसले. बर्नाडिन हीली नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय की बाईचं हृदय पुरुषासारखं बिघडलंय हे सिद्ध झालं तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याला नाव दिलं येंटल सिंड्रोम, गोष्टीतल्या एका मुलीवरून, जी शिकायला मिळावं म्हणून पुरुषाचा वेश घेते. मी वेश बदलला तो नेमका उलटा. हसू आलं, ह्यांची झोपमोड झाली. "काय झालं? दुखतंय का?" दोन दिवसांत हे त्यांचं बाराव्यांदा. बिचारे घाबरलेत.

शनिवारी साडेआठला स्ट्रेस टेस्ट आहे, हृदयावर ताण देऊन तपासतात ती. नंदूला म्हटलं, त्या दिवशी पाणी तू भर. "मी? किती वाजता येतं?" पंचवीस वर्षं ह्या घरात राहतोय.

डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितलेली अ‍ॅस्पिरिनची पट्टी, फाइल आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला लावलंय. ती नवी ब्राही धुऊन, घडी करून त्यातच ठेवली. शोधाशोध नको.