माझ्याकडे तर बरोबर चालतंय

सोमवारी कामावर आल्या आल्या मी आधी तो प्रश्न उघडला. शुक्रवारी दुपारी मीच प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर टाकलेला. मथळा होता 'तारीख चुकतेय, तातडीने मदत हवी', खाली एक स्क्रीनशॉट आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतला जवळजवळ 300 ओळींचा कोड. बऱ्याच जणांनी पाहिलेला, उत्तर एकही नाही. मला राग आला होता. इतक्या जाणकारांपैकी एकालाही दोन ओळी लिहाव्याशा वाटू नयेत?

तक्रार अशी, की काही ग्राहकांनी 5 मार्च निवडला तर पावतीवर 4 मार्च यायचा. काहींनाच. माझ्या संगणकावर एकदाही नाही.

शेजारचा सहकारी म्हणाला, "कोड राहू दे, प्रश्न वाचून दाखव." वाचला. "काय दिलंस, काय यायला हवं होतं, काय आलं?" स्क्रीनशॉटमध्ये आहे की, मी म्हटलं. "चित्र कुणी चालवून बघणार कसं?"

मग मी कोड छाटायला बसले. लॉगिन काढलं, डेटाबेस काढला, पावतीची मांडणी काढली. दुपारपर्यंत तीन ओळी उरल्या. त्या एका ग्राहकाला पाठवल्या. त्याच्याकडे 4, माझ्याकडे 5.

"तो आहे कुठे?"

यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, पाच तास मागे असलेल्या देशात. हे मला शुक्रवारीही माहीत होतं, पण प्रश्नात लिहावं असं सुचलंच नव्हतं.

तीन ओळी, दोन निकाल, दोन टाइमझोन एवढंच लिहून प्रश्न नव्याने टाकला. चहा संपायच्या आत उत्तर आलं: '2024-03-05' अशी वेळ नसलेली तारीख दिली, की जावास्क्रिप्ट तिला यूटीसीची मध्यरात्र समजतं. त्या ग्राहकाकडे तेव्हा 4 तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे दिले तर स्थानिक तारीख मिळते. फक्त महिने शून्यापासून मोजायचे.

उत्तर देणाऱ्याने शेवटी लिहिलं होतं, 'तुमचा आधीचा प्रश्नही मी पाहिला होता. सगळा कोड जुळवून चालवला, माझ्याकडे 5च आली, म्हणून सोडून दिला.'

ते वाक्य मी दोनदा वाचलं. शनिवार-रविवारी मी ज्या शांततेवर चिडले होते, तिच्यात कुणीतरी स्वतःचा वेळ घालून माझा पसारा आवरत बसलं होतं.

निघण्याआधी जुन्या प्रश्नाखाली मी स्वतः उत्तर लिहिलं. मग अनुत्तरित प्रश्नांपैकी तारखेचाच एक उघडला. त्यातला कोड चालवला. माझ्याकडे बरोबर चालला. खाली लिहिलं, 'तुमच्या संगणकाचा टाइमझोन कोणता?'