तलावाला फेरी

ठाणेकराची तलावाची कल्पना पक्की असते. तलाव गोल असावा, काठाला कठडा असावा, कठड्याबाहेर भेळवाला असावा आणि एका फेरीला फार तर पंधरा मिनिटं लागावीत. तलावपाळीला मासुंद्याची फेरी, सकाळी कचराळीची, रविवारी संध्याकाळी उपवनची. त्यामुळे ‘आठवडाभर तळ्यांच्या काठाने गाडी नेऊ आणि मधेमधे डोंगर चढू’ असा बेत इथे ठरतो, तेव्हा डोळ्यांपुढे एक अवाढव्य मासुंदा उभा राहतो. डाव्या हाताला सतत पाणी, उजव्या हाताला सतत डोंगर, आणि हातात मक्याचं कणीस.

सह्याद्रीत असं तळं नाही. तिथली मोठी तळी जवळपास सगळी धरणांची. भिंत उभी राहिली की पाणी मागे हटतं, खोऱ्यात शिरतं, मग खोऱ्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यात शिरतं आणि शेवटी पंजासारखं पसरतं. रस्त्याला प्रत्येक बोटाच्या टोकाला वळसा घालून यावं लागतं. पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि गाडीने पाऊण तास लागतो. म्हणून मोबाइलचा नकाशा काठच्या रस्त्यासाठी जो वेळ दाखवतो त्याची दीडपट धरावी. ताशी पंचवीस किलोमीटरचा हिशोब सहसा चुकत नाही.

नकाशाची दुसरी लबाडी निळ्या रंगाची. तो निळा भरलेल्या धरणाचा असतो. खरं पाणी सप्टेंबरअखेर काठोकाठ असतं आणि मग खाली शेतीसाठी आवर्तनं सुटू लागली की काठ मागे सरकत जातो. मे महिन्यात त्याच निळ्या जागी भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर चरणारी गुरं दिसतात. भाटघर धरणात वेळवंडी नदीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच दर्शन देतं. तेव्हा तारखा पाण्याला विचारून ठरवाव्यात: ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा पहिला आठवडा. पाणी भरपूर, पाऊलवाटा वाळलेल्या, गवत अजून सोनेरी. कासची फुलं तोवर गेलेली असतात. फुलं, भरलं धरण आणि कोरडी वाट ही तिन्ही सुखं एकाच आठवड्यात मागू नयेत.

आठवड्याला तीन तळी पुरतात: भंडारदरा, पवना आणि कोयनेचा शिवसागर. वाटेत पिंपळगाव जोगा येतं, ते मुक्कामाला. गाडी एकूण नऊशे ते हजार किलोमीटर चालते. निघायचं रविवारी पहाटे आणि परतायचं शनिवारी. सगळी मुंबई शनिवारी बाहेर पडते आणि रविवारी रात्री घाटात अडकते, तेव्हा आपण उलट दिशेला असलेलं बरं. शिवाय कळसूबाईच्या शिड्यांपाशी सुट्टीच्या दिवशी जी रांग लागते ती तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला शोभावी अशी असते. चढाई सोमवार, बुधवार, शुक्रवार; बाकीचे दिवस गाडीचे आणि पाण्याचे. गुडघ्याला हा एकाआड एक दिवसाचा उपास मानवतो. लागोपाठ तीन गड करणारे तिसऱ्या दिवशी गड पाहत नाहीत, फक्त पुढची पायरी पाहतात.

तयारी महिनाभर आधी सुरू करावी. पायथ्याच्या बारी गावाहून कळसूबाईचा चढ जवळपास ९०० मीटरचा आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर तीनशे मजले झाले, म्हणजे घोडबंदरचा वीस मजली टॉवर पंधरा वेळा. तेवढं कुणी करत नाही, सोसायटीचा वॉचमनही काळजीत पडेल. पण आठवड्यातून तीनदा चाळीस-पन्नास मजले पाठीवर चार किलोची पिशवी घेऊन चढावेत आणि मुख्य म्हणजे जिन्यानेच उतरावेत. मांड्या दुखतात त्या उतरताना, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. लिफ्टने खाली येणाऱ्याची तयारी अर्धीच होते. रविवारी येऊरचा रस्ता आहेच.

मग बूट. माळ्यावर दोन-तीन वर्षं पडलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवे कोरे दिसतात आणि डोंगरावर तासाभरात तळवा जबडा उघडतो. दोष गोंदाचा वाटतो, असतो तो हवेचा. तळव्यातला मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेतल्या बाष्पाने तो आतून कुजतो. न वापरता ठेवलेला तर लवकरच. ठाण्याच्या हवेत हे व्हायला फार वाट पाहावी लागत नाही. निघण्याच्या पंधरा दिवस आधी बूट काढून जोरात वाकवावा, अंगठ्याने कड दाबावी. भुगा पडला किंवा चीर गेली तर चांभाराकडे नेण्यात अर्थ नाही, नवे घ्यावेत आणि त्या पंधरा दिवसांत पायात रुळवावेत. तरी पिशवीत कापडी चिकटपट्टीचं रीळ असू द्यावं. चार वेढे मारले की बूट पायथ्यापर्यंत येतो.

गाडीचंही असंच, बिघाड कोपऱ्यात लपलेला असतो. स्टेपनीत हवा आहे का हे सगळे पाहतात. पान्ह्याने नट सुटतो का हे कुणी पाहत नाही. टायरवाल्याने हवेच्या मशीनने आवळलेला नट गाडीतल्या छोट्या पान्ह्याला दाद देत नाही, म्हणून घरीच एकदा चारही चाकांचे नट सैल करून पुन्हा हाताने आवळावेत. टायरमधली हवा सकाळी, गाडी फार चालायच्या आत तपासायची. तापलेल्या टायरमध्ये काटा दोन-चार पॉइंट जास्त दाखवतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं असेल तर बदलून घ्यावं. ते हवेतलं पाणी शोषतं, मग घाटात ब्रेक तापले की उकळतं आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. त्यावरचा जुना उपाय असा की घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. सीएनजीवाल्यांनी घोटीनंतर पेट्रोलवर चालायची मनाची तयारी ठेवावी. टाकीने डिकी खाल्लेली असते, तेव्हा चार माणसांचं सामान मागच्या सीटवरच्या दोघांच्या मधे बसतं. म्हणून सीएनजीच्या गाडीत माणसं तीनच.

रविवारी पाचच्या आत माजिवडा सोडावा. साकेत पूल, खारेगाव, माणकोली हा टप्पा उजाडल्यावर कंटेनरांच्या मालकीचा होतो. शहापूरच्या बाजूला भातसा धरण आहे; ठाण्याच्या नळात त्याचाही वाटा आहे, त्यामुळे तिथे मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही. कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी आणि पुढे शेंडी. चार तास.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण प्रवरेवरचं, १९२६ साली पुरं झालेलं. त्याच्या मागचा आर्थर लेक त्यातल्या त्यात ठाणेकराच्या व्याख्येत बसतो, कारण याला चक्क फेरी मारता येते. शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, थांबत थांबत तीन-चार तास. इथे एक पेच आहे. मुरशेतच्या बाजूने निघालं तर पाणी सतत डाव्या हाताला राहतं, गाडी कडेला घेणं सोपं जातं. पण मग घाटघरच्या कड्यावर भर दुपारी पोचतो. सूर्यास्त घाटघरलाच पाहायचा तर उलटं, रतनवाडीकडून जावं लागतं: दुपारी अमृतेश्वराचं देऊळ, चारला साम्रद, साडेपाचला घाटघर. पाणी मग उजवीकडे, चालवणाऱ्याच्या बाजूला. सूर्यास्ताच्या बाजूने मत द्यावं. पाणी दुसऱ्या दिवशीही असतं. परतीचा अंधारातला रस्ता सावकाश, कारण वळणावर म्हशी बसलेल्या असतात आणि त्यांना मागचे दिवे नसतात.

धरणाखालचा अंब्रेला फॉल पाहायला जाणारे निम्मे लोक हिरमुसून येतात. तो धरणातून सोडलेल्या पाण्याचा धबधबा आहे. पाणी सोडलं असेल तर छत्री, नाहीतर नुसता दगड. शेंडीत चहा घेताना विचारलं तरी कळतं.

सोमवारी कळसूबाई, १६४६ मीटर. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेलं गणित अजून चालतं: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. बारीहून एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटर म्हणजे सव्वा तास, चढाचा दीड तास, मिळून पावणेतीन. हे गणित थंड हवेत न थांबता चालणाऱ्याचं. आपण त्यात ऊन, फोटो आणि लिंबू सरबत मिळवून साडेतीन धरायचे. पहाटे पाचला डोक्याला टॉर्च लावून सुरुवात, कारण खालच्या टप्प्यात सावली जवळपास नाही. माणशी तीन लिटर पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. अर्ध्या बाटलीत दाट करून प्यायलं तर फायद्याऐवजी मळमळ होते. शिड्यांची भीती वाटणाऱ्यांनी रतनगडाकडेही वळू नये, तिथेही शिड्या आहेत. पण त्याच्या नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून वारा खायचा असेल तर त्याला पर्याय नाही.

मंगळवार निवांत. राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा करत ओतूरला उतरायचं आणि कल्याणच्या दिशेने खुबी फाटा. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूने खिरेश्वर. मागे हरिश्चंद्रगड उभा असतो आणि तो चढायचा नाही हे ठरवायला कळसूबाईपेक्षा जास्त ताकद लागते. खिरेश्वरातून तोलार खिंडीची वाट लांब आहे, तो गड स्वतंत्र दोन दिवस मागतो. त्याऐवजी नागेश्वराच्या जुन्या देवळातलं कोरीवकाम पाहावं, आणि संध्याकाळी दुर्बीण घेऊन पाणथळीच्या कडेला बसावं. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की पाणपक्षी त्यावरच येतात. जेवणाचं मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं हवं, ताटांच्या संख्येसकट. गावात घरगुती जेवण मिळतं याचा अर्थ चूल आपली वाट पाहत पेटलेली असते असा नाही. रोख पैसेही जवळ हवेत, कारण रेंज नसली की यूपीआय म्हणजे भिंतीवर चिकटवलेलं एक चित्र.

बुधवारचा शत्रू चाकण-तळेगाव रस्ता. खिरेश्वर सहाला सोडलं तरी तो टळत नाही, फक्त अर्ध्या तासाने सौम्य होतो. कामशेतहून पवनेला उतरलं की तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर चौघे पाण्याभोवती पहारा देत उभे. त्यातला तिकोना संध्याकाळसाठी: तिकोना पेठेतून तासाभराचा चढ, साडेतीनला सुरुवात केली की वरून पाणी पाहून उजेडातच खाली. नोव्हेंबरात सहाला सूर्य जातो आणि शेवटच्या उंच पायऱ्या अंधारात उतरण्याजोग्या नाहीत.

पवनेच्या काठी तंबूतली रात्र बुधवारी शांत असते. शनिवारी तिथे स्पीकर असतात. तंबू पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं वर लावावा आणि जाळीची खिडकी उघडी ठेवावी. थंडीने सगळं बंद करून झोपलं की आपल्याच श्वासाची वाफ छतावर जमते आणि पहाटे तोंडावर टपकते. पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. हे तळ्याचे तळ नव्हेत, इथे शेतं होती, बांध होते, विहिरी होत्या. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल पुरुषभर खोल जाऊ शकतं, आणि गाळात रुतलेला पाय झटके दिल्याने आणखी रुततो. मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो अशाच जमिनींसाठी. काठावर कुणी म्हातारबाबा ‘आमचं घर तिथं होतं’ म्हणत पाण्याकडे बोट दाखवतात तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा.

गुरुवारी पुणे, खंबाटकी, सातारा, कास आणि बामणोली, दोनशेच्या आसपास किलोमीटर. टाकी साताऱ्यातच भरून घ्यावी. शुक्रवारी वासोटा किल्ला. बामणोलीत वन खात्याची परवानगी, मग शिवसागरातून तास-दीड तासाची बोट, मग दोन-अडीच तासांचा दाट रानातला चढ. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे. त्यामुळे गर्दी चुकवायला शुक्रवार निवडलेल्या तिघांना दहा जणांचं भाडं पडतं. आदल्या संध्याकाळी बोट क्लबपाशी घुटमळून आणखी एखादा गट जमतो का पाहावं. सोबत ओळखपत्राच्या प्रती. ऑक्टोबरात रानात जळवा असतात, मोज्यांत पँट खोचावी आणि जळू चिकटलीच तर ओढून न काढता नखाने तोंडाकडून सरकवावी. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको. परतीची वेळ बोटवाल्याने सांगितलेली पाळायचीच, कारण अंधारात रानात थांबता येत नाही आणि पलीकडून चालत येण्याजोगा रस्ता नाही.

शनिवारी सकाळी बामणोली सोडली की साधारण पावणेतीनशे किलोमीटर. एक्स्प्रेस वेच्या घाटात समोरची बाजू लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांनी तुंबलेली दिसेल. कळंबोली, मग ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोली, विटावा. घरी पोचल्यावर बूट माळ्यावर टाकायचे नाहीत. आतली पॅड काढायची, जुन्या पेपरचे बोळे कोंबायचे, सकाळी बोळे बदलायचे आणि दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवायचे. नंतरही ते चपलांच्या स्टँडवर खालीच असू देत, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी उपवनच्या फेरीला तेच घालावेत.