दोन सेल एका बाजूला

पाण्याखाली ३० मीटर. माझ्यापासून हातभर अंतरावर मॅडम कपारीतले मासे मोजत होत्या आणि पाटीवर पेन्सिलने रेघा ओढत होत्या. रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र, त्यावर बुडबुड्यांचा आवाज नसतो, त्यामुळे खाली विलक्षण शांतता असते. शेजारच्याच्या यंत्रातला सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडला की त्याचा 'टक्‌' असा आवाजही ऐकू येतो. मी सावध झालो तो त्या आवाजानेच. टक्‌. काही सेकंदांनी पुन्हा टक्‌. मग पुन्हा. निवांत तरंगणारं शरीर मिनिटाला लिटरभर ऑक्सिजनसुद्धा वापरत नाही. यंत्राने इतक्या घाईने ऑक्सिजन सोडत राहायचं काही कारण नव्हतं.

मी त्यांचं मनगट धरून हँडसेट (यंत्राचे आकडे दाखवणारा स्क्रीन) माझ्याकडे वळवला. १.२५, १.२४, १.५७. तिसरा आकडा पिवळा.

मी रीब्रीदर शिकवतो आणि दुरुस्तही करतो. मॅडम समुद्री जीवांच्या अभ्यासक, साध्या स्कूबावर शेकडो बुड्या झालेल्या. बुडबुड्यांनी मासे दूर पळतात, मोजणी चुकते, म्हणून त्यांना क्लोज्ड सर्किट, म्हणजे रीब्रीदर, हवं होतं. कोर्सच्या शेवटी मी विद्यार्थ्याच्या हातात मुद्दाम एखादं काम देतो. काम हातात आलं की हँडसेटकडे बघणं कमी होतं, आणि माणसाची खरी सवय तेव्हाच कळते.

हे आकडे म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब, बारमध्ये. सेटपॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचा दाब, १.३ होता. श्वास ज्या बंद चक्रात फिरतो त्या लूपमध्ये ऑक्सिजन मोजणारे तीन सेल असतात. दोघांचं जमलं आणि तिसरा फार वेगळा बोलला, तर कंट्रोलर, म्हणजे यंत्राचा संगणक, तिसऱ्याला बाद करून त्याचा आकडा पिवळा दाखवतो आणि दोघांची सरासरी धरतो. इथे सरासरी १.३ च्या खाली, म्हणून कंट्रोलर ऑक्सिजन सोडतच होता. तिसरा सेल खरा असेल तर मॅडम १.६ च्या उंबरठ्यावर होत्या. त्यापुढे पाण्याखाली झटका येऊ शकतो. डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुणगुण, ओठ फडफडणं ही लक्षणं आधी दिसतीलच असं नाही. झटक्यात माउथपीस तोंडातून सुटला तर माणूस बुडतो.

मी डायल्युएंट फ्लशची खूण केली. लूपमधला वायू बाहेर काढून त्यात डायल्युएंट, म्हणजे ऑक्सिजन पातळ करायला नेलेला ओळखीचा वायू, भरायचा. आमचा डायल्युएंट हवा होता आणि ३० मीटरवर एकूण दाब ४ बार. ४ गुणिले ०.२१ (हवेतला ऑक्सिजनचा वाटा) म्हणजे ०.८४. हा आकडा यंत्राने द्यायचा नसतो, पाण्यात उतरण्याआधी तो आपल्या डोक्यात असावा लागतो. मॅडमनी बटण दाबून धरलं, नाकातून वायू सोडला, आणि आकडे घसरले: ०.८५, ०.८३, ०.८५.

तिन्ही बरोबर! मॅडमच्या डोळ्यांत सुटका दिसली. त्यांनी 'ओके' केलं आणि कपारीकडे बोट दाखवलं. मी नकारार्थी मान हलवली.

फसगत होते ती नेमकी इथेच. हा सेल एक छोटी बॅटरी असतो. पडद्यातून ऑक्सिजन आत येतो, आतलं शिसं झिजत जातं आणि जितका ऑक्सिजन तितके मिलिव्होल्ट मिळतात. शिसं संपत आलं की सेल लगेच बंद पडत नाही. दमलेला माणूस सपाटीवर बरोबरीने चालतो आणि चढाला थांबतो, तसं त्याचं होतं. ०.८४ ला तो अगदी खरं सांगतो. १.२५ च्या वर त्याला चढताच येत नाही. डायल्युएंट फ्लशने एवढंच सिद्ध झालं की तिसरा सेल उगाच वाढवून सांगत नव्हता. तो बिघडून चढलेला असता तर फ्लशनंतरही चढाच राहिला असता. म्हणजे बाद केलेला सेलच शहाणा, आणि एकमताने बोलणारे दोघे थकलेले.

पाटीवर 'तिसरा खरा' असं लिहून मी बेलआउटची, म्हणजे यंत्र सोडून राखीव सिलिंडरवर जायची, खूण केली. एका चांगल्या सेलवर हाताने ऑक्सिजन देत वर येता आलं असतं. पण माझ्या मते, शंका आली की साध्या स्कूबासारख्या ओपन सर्किटवर जायचं आणि विचार नावेवर बसून करायचा. मॅडमनी आधी माउथपीसचा खटका फिरवून लूप बंद केला, मग माउथपीस काढून रेग्युलेटर तोंडात घेतला. खटका विसरला तर लूपमध्ये पाणी शिरतं, आणि ते कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमपर्यंत गेलं तर घशाला भाजणारा क्षार तयार होतो. त्यांच्या ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी बंद केला. वर येताना बंद लूपमधला वायू फुगत जातो, तो काउंटरलंगमधून (श्वासाच्या पिशवीतून) सोडत राहावं लागतं. नाहीतर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. या सगळ्यात मॅडमचा हात एकदाही चुकला नाही. कोर्समध्ये तीच कृती त्यांनी मला नको वाटेपर्यंत करून दाखवली होती. बेलआउट सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारने भरलेला. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरलं तर ३० मीटरवर मिनिटाला १६० लिटर जातात. तरी पुरून उरला.

नावेवर आल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, पिवळा आकडा मला दिसला होता. मला वाटलं, नवा सेल खराब निघाला. दोघं एक सांगतायत म्हटल्यावर..."

"नवा सेल? एकच नवा आहे?"

"हो. यंत्र सेकंडहँड घेतलं ना, त्यात एक सेल मेलेला होता, तो बदलला. बाकीचे दोन हवेत १० मिलिव्होल्ट दाखवत होते. चांगले आहेत, मग कशाला टाकायचे?"

आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "सेल नवे आहेत ना?" त्या "हो" म्हणाल्या आणि मी चेकलिस्टवर खूण केली. झाकण उघडून सेलवरची तारीख वाचायला दोन मिनिटंही लागली नसती. जे बघायचं होतं ते मी विचारून भागवलं.

दुसरी चूकही माझीच. खाली उतरताना ६ मीटरवर थांबून लूपमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरायचा असतो. तिथे दाब १.६ बार, त्यामुळे सेल १.६ पर्यंत चढतात की नाही ते तिथे उघड दिसतं. पृष्ठभागावरचं कॅलिब्रेशन १.० च्या पुढे काही दाखवूच शकत नाही, आणि आमची सगळी मदार त्याच्यावर होती. त्या दिवशी दोरीवर प्रवाह जोराचा होता, मागून आणखी डायव्हर येत होते. 'चला खाली' ही खूण मी केली होती.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये ते तीन सेल एकेक करून दाबपात्रात ठेवले. पेल्याएवढं भांडं, आत ऑक्सिजन, वर दाबाचा काटा, बाजूला मल्टिमीटर. मॅडम शेजारी वही घेऊन बसल्या. पहिला सेल हवेत १०.१ मिलिव्होल्ट. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४.७६ पट म्हणजे ४८ यायला हवेत, आले. दाब वाढवला. ५३, ५७, ५९, ६०. काटा १.६ वर पोचला, मीटर ६० वरच. ७७ यायला हवे होते. मी मीटरवर टिचकी मारली. ६०. दुसरा सेलही ६० पाशीच अडकला. नवा सरळ ७७ ला गेला. जुन्या दोघांवर एकाच महिन्याची तारीख होती, दीड वर्षाहून मागची. एका वयाचे, एकत्र वापरलेले सेल एकत्रच थकतात. तिघांत दोघांचं खरं मानायची पद्धत तिघे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालते. मी आता माझ्या यंत्रात वेगवेगळ्या तारखांचे सेल ठेवतो आणि एक वर्ष झालं की सेल काढून टाकतो, चालत असला तरी.

कोणता रीब्रीदर घेऊ, असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतं. इलेक्ट्रॉनिक की मॅन्युअल, पाठीवरचे काउंटरलंग की छातीवरचे. मॅन्युअलमध्ये ऑक्सिजन स्वतः द्यावा लागतो म्हणून आकड्यांकडे लक्ष राहतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये हात मोकळे राहतात आणि लक्षही मोकळं सुटतं. दोन्ही चांगली यंत्रं आहेत. मी आधी विचारतो की त्याचे सेल आणि ओ-रिंग तुम्हाला वेळेवर मिळतात का, नेमक्या त्याच यंत्रावर शिकवणारा माणूस आहे का, आणि जोडीला बुडी मारणाऱ्याला तुमचा हँडसेट वाचता येतो का. यंत्र जुनं घेतलंत तर तिन्ही सेलची किंमत मनात धरूनच घ्या.

मॅडमचे नवे सेल यायला नऊ दिवस लागले. त्यांनी प्रत्येकावर बारीक मार्करने तारीख लिहिली आणि वाचायला माझ्यापुढे धरली. मी तिन्ही तारखा मोठ्याने वाचल्या, मग झाकण लावलं.

दोरीवर त्या दिवशीही प्रवाह होता. ६ मीटरवर आम्ही थांबलो. एका हाताने दोरी धरून मॅडमनी लूपमध्ये ऑक्सिजन भरला, वायू सोडला, पुन्हा भरला. मागचे डायव्हर आमच्या बाजूने खाली निघून गेले. १.४६, १.४८, १.४५. अजून थोडा. मी त्यांच्या हँडसेटवर नजर ठेवून होतो, त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. १.५७, १.५९, १.५८. त्यांनी आकडे पाटीवर लिहिले, डायल्युएंटने लूप धुऊन घेतला, आणि खाली जायची खूण या वेळी त्यांनी केली.