आईच्या बटव्यात स्क्रू ड्रायव्हर

शनिवारी सकाळी साडेसहाला आई गॅरेजमध्ये उभी राहून माझ्या पाठीमागची बटणं लावत होती. स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमांतल्या खलनायकांच्या सैनिकाचं, पांढरं चिलखत एकटीला नीट चढवता येत नाही. आधी पोटऱ्या, मग मांड्या, कमरेचा पट्टा, छाती-पाठ, हात आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट. हा क्रम आईला आता माझ्याहून पक्का पाठ आहे. "पोट आत घे," म्हणत ती पट्टा ओढते, शाळेच्या गॅदरिंगला नऊवारी नेसवताना ओढायची तश्शी.

मी '५०१ लीजन'ची सभासद आहे. स्टार वॉर्समधल्या खलनायकांचे पोशाख स्वतः बनवून ते घालणाऱ्या हौशी लोकांची ही संघटना. इथे अमेरिकेत, आमच्या शेजारच्याच साउथ कॅरोलायना राज्यात अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये मित्राच्या साथीनं ती सुरू केली. आज जगभर हजारो सभासद आहेत. मानधन कुणीच घेत नाही. बोलावणाऱ्यानं पैसे देऊ केले, तर ते एखाद्या धर्मादाय संस्थेला द्या म्हणून सांगतो.

आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे बहुरूपीच की!" तिच्या माहेरी, सिन्नरला, फौजदाराच्या वेषात बहुरूपी यायचे आणि पोरं माजघरात पळायची. पण त्यांचं पोट त्यावर होतं. आमची पोटं भरलेली आहेत, त्यामुळे यातल्या एका डॉलरवरही आमचा हक्क नाही, असं मला मनापासून वाटतं.

चिलखताला मला पाच महिने लागले. एबीएस प्लॅस्टिकचे तुकडे कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रात्रभर चिमट्यांत दाबून ठेवायचे. मग संघटनेकडे फोटो पाठवून तपासणी. त्यात हेल्मेटच्या गालांवरचे निळे पट्टेसुद्धा मोजतात. एवढी कडक तपासणी हवीच. पोरांना खोटं लगेच कळतं.

हेल्मेटमधून हनुवटीखालचं काही दिसत नाही, म्हणून सोबत एक हँडलर लागतो. गेले चार महिने माझी हँडलर आई आहे. तिच्या बटव्यात स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी, जादा इलॅस्टिक आणि माझ्यासाठी लिंबू सरबत. मागून तिचा आवाज येत राहतो: "पायरी! डावीकडे बाळ आहे, थांब!"

शनिवारी आजारी मुलांसाठी निधी जमवायला चालण्याचा कार्यक्रम होता. पाचेक वर्षांची एक मुलगी वडिलांच्या पायामागून मला बघत होती. मी एक गुडघा टेकला. मांडीचं प्लॅस्टिक पोटरीत रुततं, पण उंची कमी झाल्याशिवाय मुलं जवळ येत नाहीत. तरी ती हलेना. तेव्हा आई पुढे झाली, माझ्या छातीवर बोटानं टकटक केलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "बघ गं, नुसता डबा आहे." ती मुलगी आली. तिनंही टकटक केलं. मी आतून टकटक केलं. मग किती तरी वेळ तेच चाललं होतं. जाताना तिनं वडिलांकडून नोट घेऊन आईच्या हातातल्या डब्यात घडी घालून टाकली.

घरी येताना गाडीत आईला केटीची गोष्ट सांगितली. केटी ही अल्बिन यांची मुलगी. मेंदूच्या ट्यूमरनं ती २००५ मध्ये, सातव्या वर्षी गेली. रोबो बनवणाऱ्या हौशी मंडळींनी तिच्यासाठी स्टार वॉर्समधल्या आर-टू-डी-टू या रोबोसारखाच, पण गुलाबी रोबो तयार केला, आर-टू-केटी. तो अजून मुलांना भेटतो, निधी जमवतो. २०१५ च्या स्टार वॉर्स सिनेमातही तो क्षणभर दिसतो. आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्या रोबोला बघायला मिळेल का गं मला?"

पुढच्या महिन्यात ती नाशिकला परत जाईल. खांद्याचं सैल झालेलं इलॅस्टिक तिनं कालच बदललं, दुहेरी टीप घालून.